काजू युनिट टाकू का म्हणताय, आधी बी कोणाच्या पैशाने घेणार ते सांगा

प्रश्न लांबलचक आहे म्हणून आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणाऱ्या दादांचं गाव चंदगड तालुक्यात, नोकरी पुण्यात, वडिलांची तीनेक एकर काजूची बाग, साठवलेले १५ लाख हाताशी. आसपासच्या गावांत गेल्या काही वर्षांत काजूची बरीच युनिटं निघालीत. मशीनवाल्याने दिवसाला २०० किलो बी (टरफलासकटचा कच्चा काजू) फोडायच्या सेटचं कोटेशन दिलंय आणि "सबसिडी धरली तर तीन वर्षात पैसे वसूल" असं सांगितलंय. यांचे प्रश्न तीन, युनिट टाकू का, एवढी युनिटं झाल्यावर माझा माल विकला जाईल का, आणि नोकरी कधी सोडू.

मी सावंतवाडीच्या बाजूला युनिट चालवते. सासऱ्यांच्या वेळी हाताने फोडायचं काम होतं, आता अर्धं मशीनवर अर्धं हातावर. मोठी फॅक्टरी नाही आणि निर्यात वगैरे काही नाही, त्यामुळे मी सांगतेय ते लहान युनिटवाल्याच्या नजरेतून आहे हे धरून वाचा.

पहिलं म्हणजे विक्रीची भीती तुम्ही उगाच घेतलीय. जगात सगळ्यात जास्त काजू आपल्याच देशात खाल्ला जातो, मिठाई, आइस्क्रीम, हॉटेलातली ग्रेव्ही, दिवाळीचे डबे, लग्नाची केटरिंग, सगळीकडे लागतो. बरा माल असेल तर आज ना उद्या, या नाही त्या भावाने जातोच. अडतं ते दुसऱ्या टोकाला. काजू बी येते साधारण फेब्रुवारी ते मे आणि युनिट तुम्हाला चालवायचंय वर्षभर, म्हणजे वर्षाची बी तीन-साडेतीन महिन्यांत रोख पैसे मोजून विकत घेऊन गोडाऊनला लावायची. मशीनवाला हे कधीच सांगत नाही कारण त्याचा संबंध मशीनपुरता.

आता तुमच्याच कोटेशनवरून हिशोब करू. दिवसाला २०० किलो, वर्षाचे २५० दिवस काम धरलं तर ५० टन बी. भाव हिशोबापुरता किलोला १४० धरते, तुमच्याकडे जो चालू असेल तो घाला. ५० टन गुणिले १४० म्हणजे ७० लाख. हे ७० लाख शिमग्यापासून पहिल्या पावसापर्यंत बाहेर काढायचे आणि मग वर्षभर गर, म्हणजे आतला सोललेला काजू, विकून हळूहळू परत मिळवायचे. तुम्ही १५ लाखातले बहुतेक मशीन आणि शेडमध्ये घालणार, सबसिडी येईल तेव्हा येईल, मग बी कशाने घेणार? आणि समजा उलटं केलं, मशीन पूर्ण कर्जावर घेतलं आणि १५ मधले १४ लाख बीत घातले तरी १० टनच येते, ती तुमचं मशीन ५० दिवसांत फोडून मोकळं होईल. बाकीचे दिवस शेडला कुलूप, बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने चालू.

आमच्याकडे आणि तुमच्या आजरा-चंदगड-गडहिंग्लज पट्ट्यात जी युनिटं गणपतीच्या आत बंद पडलेली दिसतात ना त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट हीच. लोक म्हणतात धंदा बसला. धंदा बसत नाही, बी संपते आणि नवीन घ्यायला पैसे नसतात, आणि तोवर बीचा भावही चढलेला असतो.

किलोमागचा हिशोबपण बघा, कारण तीन वर्षात वसूल म्हणणाऱ्याने तो कसा मांडलाय मला अंदाज आहे. शंभर किलो सुकलेल्या चांगल्या बीतून आमच्या भागात गर पडतो साधारण २७ किलो. बाजारात हे ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर असं मोजतात, ४८ पौंड म्हणजे जवळजवळ हेच. म्हणजे एक किलो गराला ३.७ किलो बी, १४० ने ५१८ रुपये. वाफवणं, फोडणं, सुकवणं, सोलणं, निवडणं, वीज, पॅकिंग सगळं मिळून गराच्या किलोला ९० धरू (हा आकडा युनिटप्रमाणे खूप बदलतो, मी मधला घेतलाय). झाले ६०८. आता निघालेला गर सगळा अख्खा नसतो. ७० टक्के अख्खा धरला, तो ठोकने ७५० ला गेला आणि ३० टक्के पाकळी, तुकडा, कणी मिळून सरासरी ५५० ला गेली तर सरासरी पडली ६९०. म्हणजे किलोला ८२ उरले. बरे वाटतात ना? पण बीचे पैसे सरासरी पाच महिने अडकून पडतात, ११ टक्क्यांनी त्याचं व्याजच २४ च्या आसपास जातं, राहिले ५८. बी १४० ऐवजी १५० ने घ्यावी लागली तर आणखी ३७ गेले. आणि मशीनची सेटिंग नीट नाही, अख्ख्याचं प्रमाण ७० वरून ६० वर आलं तर अजून २० गेले. बघा, बीत दहा रुपये आणि फोडण्यात दहा टक्के एवढंच चुकलं आणि अख्खं वर्ष फुकट राबलात.

टरफल आणि साल विकून थोडं येतं. टरफल तेलवाले नेतात, भट्टीलाही जळण म्हणून जातं. पण त्याचा भाव कधी बरा कधी नावापुरता, त्यामुळे मी तो हिशोबात घेतच नाही, आला तर आला.

म्हणून मी कोणालाही सांगताना हेच सांगते की काजूचा धंदा हा आधी बी विकत घ्यायचा धंदा आहे, फोडायचा नंतर. मार्च-एप्रिलमध्ये ज्याने चांगली बी योग्य भावात घेतली त्याचं निम्मं वर्ष तिथेच निघालं.

आता बी घेण्यात काय काय येतं. सीझनच्या सुरुवातीची बी भरीव असते, भाव चढा असतो. मधल्या काळात आवक वाढते, भाव थोडा उतरतो, बहुतेक लहान युनिटवाले तेव्हा भरतात. मेमध्ये वळवाचा पाऊस झाला की खाली पडलेली बी भिजते, काळी पडते, आत डाग, आणि ती स्वस्तात मिळतेय म्हणून नवीन माणूस भरून ठेवतो आणि ऑगस्टमध्ये फोडल्यावर डोक्याला हात लावतो. ज्या वर्षी मोहोराच्या वेळी ढगाळ हवा पडते आणि ढेकण्या (मोहोराचा रस शोषणारी कीड) लागतो त्या वर्षी हे सगळं वेळापत्रकच हलतं, मालच कमी येतो आणि मधल्या काळात भाव उतरायची वाट बघणारे बसून राहतात. त्यामुळे अमुक तारखेला घ्या असं कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका.

ओली बी हा दुसरा खड्डा. झाडाखालून उचललेली ताजी बी १४० ने घेतली आणि दोन-तीन कडक उन्हं दिली की शंभर किलोची एक्याण्णव-ब्याण्णव होते, म्हणजे तुम्हाला ती १५३ ला पडली. सुकलेली बी मुठीत घेऊन हलवली की आत गर खुळखुळतो, फरशीवर टाकली तर आवाज टणक येतो. गोडाऊनला लावायच्या आधी ओल आठ-नऊ टक्क्यांवर आणायची, तागाच्या पोत्यात भरायची, फळ्यांवर ठेवायची, भिंतीला टेकवायची नाही. तुमच्या चंदगडचा पाऊस मी तुम्हाला सांगायची गरज नाही. जूनमध्ये आत बुरशी धरली तर ती बाहेरून दिसत नाही, फोडल्यावरच कळते.

आणि प्रत्येक लॉटची कटिंग टेस्ट. किलोभर बी घ्यायची, आधी मोजायची किती नग भरतात, मग सगळी फोडून चांगला गर, डागी गर, पोचट असं वेगळं करून वजन करायचं. यात काही शास्त्र नाही, अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, पण ओळखीचा माणूस आहे, पोत्यात हात कसा घालायचा, म्हणून लोक करत नाहीत. मी सख्ख्या नातेवाइकाची बीसुद्धा फोडून बघते, त्यांना राग येतो, येऊ दे.

नग मोजायला एवढ्यासाठी सांगतेय की गराचा नंबर झाडावरच ठरलेला असतो. २४० नंबर म्हणजे एका पौंडात, साडेचारशे ग्रॅममध्ये, २४० पर्यंत गर, ३२० म्हणजे ३२० पर्यंत, आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव जास्त. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली वेंगुर्ला-४ ची बी साडेसात-पावणेआठ ग्रॅमची, किलोत १३० च्या आसपास बसतात. वेंगुर्ला-७ ची तर दहा ग्रॅमपर्यंत, किलोत शंभरेक, तिचा गर १८० नंबरात जातो. जुन्या गावठी झाडाची बी पाच ग्रॅमची असली तर किलोत दोनशे, आणि गर जेमतेम ३२० ला. आता दुकानदार तिन्ही एकाच ढिगात ओततो आणि एकच भाव लावतो. ज्याला यातून वेगळं काढून घेता येतं त्याला फायदा. वडिलांच्या बागेत काय लावलंय ते तुम्ही लिहिलं नाहीत, माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच होती.

शिवाय मिक्स बी ऑटोमॅटिक कटरला घातली तर तुकडा वाढतो, ब्लेडची सेटिंग एकाच आकाराला धरून असते ना. त्यामुळे आधी चाळणीवर आकाराप्रमाणे वेगळी करायलाच पाहिजे. कोटेशनमध्ये चाळण आहे का बघा, बरेचदा किंमत कमी दाखवायला तीच गाळतात.

एवढी युनिटं का निघाली हेही बघायला हवं, त्यावरून पुढचं थोडं कळतं. एक तर छोटी मशिनं आवाक्यात आली, पूर्वी हाताच्या-पायाच्या कटरवर बायका बसवून फोडावं लागायचं आणि टरफलाच्या चिकाने हात जायचे, राख नाहीतर तेल लावून काम चालायचं. दुसरं, सबसिडीच्या योजना. तिसरं, लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याहून परत आलेली पोरं. चौथं, पर्यटक. गोव्याला जाणारा प्रत्येक माणूस येताना काजू घेतो, आता आमच्याकडे चिपी आणि मोपा असे दोन विमानतळ जवळ आले, हायवेलगत दुकानं वाढली. ही कारणं खरी आहेत आणि वाईट नाहीत. पण यातल्या एकाही कारणाने झाडावरची बी वाढली नाही. युनिटं वाढली, बी तेवढीच, मग खरेदीला स्पर्धा. आमच्या गावात पूर्वी वाण्याच्या दुकानात बी घालून लोक सामान न्यायचे, पोरं झाडाखालची बी विकून जत्रेचे पैसे करायची, आता सीझनला टेम्पो दारात येतो. शेतकऱ्यासाठी चांगलंच झालं, कारखानदाराचं मार्जिन त्यात गेलं.

तरी पुन्हा गंमत बघा, शेतकरी म्हणतो भाव मिळत नाही आणि कारखानदार म्हणतो बी परवडत नाही, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत. कारण आपल्या बीचा भाव पूर्णपणे आपल्याकडे ठरत नाही. देशातल्या कारखान्यांना जेवढी बी लागते त्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त बाहेरून येते, आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानिया अशा देशांतून. २०१८ च्या बजेटमध्ये कच्च्या बीवरची आयात ड्युटी ५ वरून २.५ टक्के झाली. पश्चिम आफ्रिकेची बी आपल्याच वेळेला निघते, टांझानियाची ऑक्टोबरनंतर, त्यामुळे बंदरातून कंटेनर उचलू शकणारा मोठा कारखाना वर्षभर चालतो आणि आपण मेपर्यंत भरलेल्यावर. दुसऱ्या बाजूला व्हिएतनाम, तिथे बरंचसं ऑटोमॅटिक, त्यांचा तयार गर इथे स्वस्तात उतरू नये म्हणून २०१९ मध्ये सरकारने आयात होणाऱ्या अख्ख्या गराला किलोला ७२० आणि तुकड्याला ६८० अशी किमान किंमत बांधली. त्यामुळे आपल्याला थोडं छत्र आहे. पण छत्र आहे म्हणजे पाऊस नाही असं समजू नका. गावात पीक कमी आलं म्हणजे भाव वाढणारच असं धरून बी दाबून ठेवणारे शेतकरी आणि व्यापारी मी बघितलेत, आफ्रिकेत बंपर आलं की दोघांचंही गणित चुकतं.

कोल्लमचं उदाहरण तर प्रत्येक काजूवाल्याने बघून घ्यावं. केरळातलं कोल्लम म्हणजे या धंद्याची राजधानी, पिढ्यानपिढ्या सोलणाऱ्या बायका, परदेशात नाव, मशीन-ज्ञान-बाजार कशाचीच कमी नव्हती. तिथे २०१५ नंतरच्या काळात शेकडो कारखाने बंद झाले. मजुरी वाढली हे एक कारण, पण मुख्य म्हणजे बी बाहेरून आणायची, ती महाग झाली, बँकेचं कर्ज थकलं. शेवटी तिथल्या सरकारला नुसती बी खरेदी करून कारखान्यांना पुरवायला वेगळी कंपनी काढावी लागली. ज्यांना सगळं येत होतं ते बीवर अडले. आपल्याकडे बी दारात आहे हा केवढा फायदा आहे तो लोकांना कळत नाही, आणि तो फायदा ३ एकरवाल्या घराला मशीनवाल्यापेक्षा जास्त आहे.

तर १५ लाखाचं काय करायचं. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या सीझनला मशीन घेतलंच नसतं. घरची बी आणि वर पाच-सहा लाखाची भावकीतली, ओळखीतली निवडून घेतली असती, सुकवून नीट लावली असती आणि जवळच्याच एखाद्या युनिटमधून जॉबवर्कने फोडून घेतली असती. जुलै-ऑगस्टनंतर कितीतरी युनिटं रिकामी असतात, त्यांना काम हवंच असतं. किलोमागे मजुरी ठरवायची, आपल्या लॉटचा गर, तुकडा, साल सगळं वजन करून ताब्यात घ्यायचं आणि फोडताना तिथे उभं राहायचं. हे लिहून ठेवा, उभं राहायचं. लॉट बदलल्याच्या तक्रारी या लाइनमध्ये भरपूर ऐकाल. यात तुमचा थोडा फायदा कमी होईल पण बी ओळखणं, वाफ किती द्यायची, सोलताना गर का तुटतो, कुठला तुकडा कुठे जातो हे सगळं दुसऱ्याच्या मशीनवर शिकाल. माझ्या ओळखीत दोघंतिघं असे आहेत ज्यांनी मशीन कधी घेतलंच नाही, बी घेतात, फोडून घेतात, विकतात आणि मशीनवाल्यांपेक्षा निवांत आहेत.

दुसऱ्या सीझनला घ्यायचंच ठरलं तर २०० किलोचा सेट घेऊ नका. जेवढी बी तुम्ही स्वतःच्या आणि बँकेच्या पैशाने खरंच भरू शकता त्याला २५० ने भागा आणि तेवढ्याच क्षमतेचं घ्या, बाकी जॉबवर्क घेऊन भरून काढा. बँकेकडे गेलात की मशीनचं कर्ज पटकन मिळेल कारण त्याला योजना आहे, पीएमएफएमई मध्ये (केंद्राची लहान अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना) प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख. पण ही सबसिडी कर्जाशी जोडलेली आहे, तुमच्या हातात रोख येत नाही, त्यामुळे तिच्यावर बी खरेदीचा बेत आखू नका. भांडायचं असेल तर कॅश क्रेडिटसाठी (सीसी, म्हणजे मालाच्या साठ्यावर मिळणारं खेळतं भांडवल) भांडा. मशीनच्या टर्म लोनच्या अर्जासोबतच सीसी लिमिट मागा आणि ते फेब्रुवारीच्या आत मंजूर पाहिजे. मेमध्ये मंजूर झालेल्या लिमिटचा मला आजपर्यंत कोणाला उपयोग झालेला माहीत नाही. स्टॉकवर देतात पण पूर्ण किमतीवर नाही, स्वतःचा हिस्सा घालावा लागतो, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि खोटं दिलं तर एक दिवस माणूस येऊन पोती मोजतो.

वडील शेतकरी आहेत तर बाजार समितीतून शेतमाल तारण कर्ज विचारून बघा. पणन मंडळाची जुनी योजना आहे, काजू बी त्यात आहे, गोडाऊनला माल ठेवून ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्क्याने मिळते. सगळ्या समित्या सारख्या उत्साहाने राबवत नाहीत, तुमची राबवते का ते जाऊनच कळेल. पण ती शेतकऱ्याच्या मालाला आहे, विकत घेतलेल्या नाही.

जीएसटीची एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते. नोंदणी झाल्यावर शेतकऱ्याकडून बी घेतली की ५ टक्के रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरायचा असतो आणि तो रोख भरायचा, नंतर क्रेडिट मिळतं. ७० लाखाच्या बीवर साडेतीन लाख झाले, तेही नेमके पैशाची चणचण असताना. सीएला आधीच विचारून ठेवा.

मजुरांचं थोडक्यात. सोलणी आणि निवडणी बायकाच करतात, किलोवर मजुरी असते आणि हात बसायला महिने लागतात. लावणीला कोणी येत नाही, गणपतीत कोणी येत नाही, शिमग्यात तर युनिटच बंद. म्हणून मी २५० दिवस धरले, ३०० नाही. तुमच्या गावात आधीच युनिटं असतील तर चांगली सोलणारी बाई दुसरीकडून ओढून आणावी लागेल, आणि तिने तिथे घेतलेली उचल आधी तुम्हाला फेडावी लागेल. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो.

विक्रीबद्दल मी वर उगाच भीती म्हटलं, पण भाव कसा घ्यायचा हा प्रश्न आहेच. वाशीला किंवा मोठ्या व्यापाऱ्याला दिलं तर माल एका दिवसात जातो पण पैसे महिना-दीड महिन्याने आणि भाव तो सांगेल तो. घरगुती गिऱ्हाईकाला दिलं तर किलोला शंभर-दीडशे सहज जास्त मिळतात, पण घरगुती गिऱ्हाईक फक्त अख्खा मागतं. तुकडा आणि पाकळी घेणारा आधी शोधा. बेळगाव तुम्हाला जवळ आहे, तिथले मिठाईवाले, केटरर, कोल्हापूरचे आइस्क्रीमवाले, यांच्याकडे सॅम्पल घेऊन फिरा. पुण्यात नोकरी आहे हा तर तुमचा प्लस पॉइंट, ऑफिस, सोसायटी, मित्र, दिवाळीच्या आधी चारपाचशे किलो अख्खा काजू असा सुटा विकला जाऊ शकतो. फक्त नंबर स्पष्ट सांगून विका, २४० च्या भावात ३२० देऊ नका, लोक आता ओळखतात.

आणि कोकणचा, गावचा काजू म्हणून विकणार असाल तर तो गावचाच असू द्या. सीझननंतर बी संपली की आफ्रिकेची बी आणून तीच पिशवी भरणारे आमच्या इथेही आहेत. आफ्रिकन बी वाईट नसते, पण तिला गावचं नाव लावणं ही फसवणूक आहे. वेंगुर्ला काजूला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, २०२३ मध्ये गोव्याच्या काजूलाही मिळाला, म्हणजे नावाला किंमत आलीय, आणि किंमत आली की ती खाणारेही येतात. चंदगड-आजऱ्याचा काजू चवीला कशात कमी नाही, तुम्ही तो चंदगडचा म्हणूनच विका, वेंगुर्ल्याचं नाव कशाला पाहिजे.

अजून एक, ओले काजूगर. फेब्रुवारी-मार्चला आमच्या बाजारात शेकड्यावर विकले जातात, उसळीसाठी मुंबई-पुण्याची माणसं हवे ते पैसे देतात. तीन एकरातली थोडी झाडं त्याला ठेवली तर मशीन नको, बॉयलर नको, पैसे रोख. पण काम किचकट, चीक हाताला लागतो, माल दोन दिवसांत संपवायला लागतो आणि घरात करणारं माणूस हवं. आईंना विचारल्याशिवाय हे ठरवू नका, कारण बसणार त्याच.

राहिला नोकरीचा प्रश्न. घरात पगाराशिवाय दुसरं काय येतं, कर्ज आहे का, लग्न झालंय का, वडिलांना बाग एकट्याने होते का यावर ते आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण नुसत्या काजूच्या बाजूने बघायचं तर वरच्या हिशोबात १० टन बीचे, म्हणजे २.७ टन गराचे, व्याज न धरता सव्वादोन लाखाच्या आसपास सुटतात, तेही सगळं नीट झालं तर. एवढ्यावर पुण्यातला पगार सोडवत असेल तर तुमचं तुम्ही बघा. मी तरी पहिल्या सीझनला मार्च-एप्रिलची शक्य तेवढी रजा साठवून बी खरेदीला गावी बसा आणि फोडायच्या वेळी शनिवार-रविवार या असं म्हणेन. खरेदीच्या वेळी नसाल तर मात्र काहीच उपयोग नाही, ते काम फोनवरून होत नाही.

मशीनवाल्याचं कोटेशन इथे टाका, नाव झाकून. त्यात चाळण, बॉयलरची साइज, ड्रायर किती ट्रेचा आणि थ्री-फेज लोड किती लिहिलाय तेवढं बघून सांगते. आणि वडिलांना विचारून बागेतली कुठली कलमं आहेत आणि किलोत किती बिया बसतात तेही लिहा.